पाचवा खड्डा

"मनगटानं दहा झाल्या. आता कोपरानं," मगदूम सर म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

मी बर्फाच्या खड्ड्यात गुडघे टेकून फावड्याच्या पात्यावर थापट्या मारत होतो आणि सर काठावर उभे राहून कवायत घ्यावी तसे आकडे मोजत होते. साडेबारा हजार फुटांवर, उणे अकरा तापमानात, शिट्टीचं काय काम होतं ते सरांनाच ठाऊक. सांगलीच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं पी.टी. शिकवलेल्या माणसाच्या गळ्यातून शिट्टी काढायची, तर बहुतेक भूल द्यावी लागली असती.

"सर, शिट्टी नको."

"का? आवाजानं बर्फ कोसळतो?"

"नाही. माझे आकडे चुकतात."

"मग चुकू नकोस. अकरा. बारा."

ही चाचणी मी त्या वर्षी मनालीला चार दिवसांचा वर्ग करून शिकून आलो होतो. बर्फात छातीएवढा खड्डा काढायचा. त्याच्या भिंतीत फूटभर रुंद, फूटभर खोल असा एक खांब चारी बाजूंनी मोकळा कापायचा. खांबाच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि वर थापट्या मारायच्या. दहा मनगटातनं, दहा कोपरातनं, दहा खांद्यातनं. कितव्या थापटीला वरचा थर खालच्यावरून सरकतो ते लिहायचं. लवकर सरकला तर उतार वाईट, तिसापर्यंत तग धरला तर बरा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस बाळाला झोपवतोय.

चोविसाव्या थापटीला खांब मोडला. मी वहीत चोवीस लिहिलं. सरांनी तरीही तिसापर्यंत मोजलं.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक. "मातीत खड्डे काढतोस, आता बर्फात काढ. फरक काय तो रंगाचा," असं सरांनी मला मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. लोक हसले. मीही हसलो. मनातून मात्र मला लय बरं वाटलं. चौदा वर्षं मी मातीचे रिपोर्ट देत होतो आणि चौदा वर्षांत एकाही शेतकऱ्यानं रिपोर्ट वाचून युरियाचं एक पोतं कमी टाकलं नव्हतं. इथं निदान कोणीतरी माझा आकडा ऐकून घ्यायला तयार होतं.

ही २००८च्या मार्चमधली गोष्ट. कृष्णाकाठ गिरिभ्रमण मंडळाचे आम्ही आठ जण किन्नौरला गेलो होतो. त्यातले सहा जण खालच्या गावातच राहिले. दोघांची पोटं बिघडली, एकाचं डोकं दुखायला लागलं आणि उरलेले तिघं त्यांची काळजी घेत शेकोटीशी राजमा खात बसले. वर आलो आम्ही तिघं: सर, मी आणि आमचा वाटाड्या अंगरूप नेगी. वरती एक खिंड होती. सर त्या खिंडीला दोनदा येऊन परत गेले होते, एकदा बर्फामुळं, एकदा कोणाच्या तरी तापामुळं. तिसऱ्यांदा परत गेलो तर सांगलीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सांगलीत त्यांचं तोंड बघायला कोण खोळंबलं होतं ते मी विचारलं नाही.

निघताना स्टँडवर शालनकाकू, म्हणजे सरांच्या बायको, मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "जिनू, ह्यांचं वय आता एकोणसाठ आहे. चालत नेतोयस, चालत परत आण. दुसरं काही मागत नाही मी." मी म्हणालो, काकू, काळजीच सोडा. असली वाक्यं माझ्या तोंडात कायम तयार असायची.

अंगरूपचं मत त्या सकाळी सगळ्यात आधी आलं होतं, आम्ही एकही खड्डा काढायच्या आधी. तो पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलायला एकदम कंजूष. त्यानं समोरच्या डोंगराकडं बोट केलं.

"उधर गिरा है. कल शाम को."

मी दुर्बीण लावली. समोरच्या उतारावर, माथ्याच्या जरा खाली, कोणीतरी पट्टी लावून कापल्यासारखी सरळ रेघ होती आणि तिच्याखाली बर्फाचा ढिगारा पार नाल्यापर्यंत गेला होता. मी इमानानं वहीत नोंद केली: ईशान्य उतार, ताजं हिमस्खलन, तुटलेली कड अंदाजे दीड फूट उंच. आम्हाला जो उतार ओलांडायचा होता तोही ईशान्येलाच तोंड करून होता. तेही लिहिलं. लिहिण्यात मी कधी आळस केला नाही.

"तीन दिन हवा चली," अंगरूप म्हणाला. "इधर का उठाके उधर भर दिया. ऊपर का नीचे वाले को पकड़ा नहीं है अभी. आज नहीं जाना. दो-तीन दिन बैठो."

"आपको कैसे मालूम?" मी विचारलं.

त्यानं काठी बर्फात खुपसली. "पहले ज़ोर लगता है. फिर एकदम चली जाती है. अंदर पोला है."

आता या माणसाला मी काय सांगणार? अशा लोकांना हसण्यातच माझी नोकरी गेली होती. शेतकरी चिमूटभर माती जिभेवर ठेवतो आणि सांगतो, खारवटलीय. मी म्हणतो, काका, जीभ आत घ्या, रिपोर्ट येऊ दे. पंधरा दिवसांनी रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, खारवटलीय. पण म्हणून काय जिभेला प्रयोगशाळा म्हणायचं?

सरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आपल्या खास हिंदीत निकाल दिला. "अंगरूपभाई, अपना ऐसा है. ये लड़का इसका शिकके आया है. ये खड्डे निकालेगा, देखेगा. ये बोला जाने का, तो जाने का. ये नको बोला, तो वापस खाली. मैं एक शब्द नहीं बोलेगा."

माझं वय तेव्हा अडतीस होतं, पण सरांच्या लेखी मी लडकाच.

अंगरूपनं माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तो स्टोव्ह पेटवायला गेला.

तर मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. मातीचा नमुना घ्यायची एक रीत असते. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी खड्डे घ्यायचे, पाचही ठिकाणची माती एकत्र करायची आणि त्यातनं एक पिशवी भरायची. एका शेताचा एक आकडा. आणि काही जागा अजिबात धरायच्या नाहीत: बांधाच्या कडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची, पाणी साचतं तिथली. या जागा शेताचं खरं रूप दाखवत नाहीत, नुसता आकडा बिघडवतात. हे मी नव्या मुलांना शिकवायचो. माझा हा तास चांगला व्हायचा.

उताराच्या कडेकडेनं मी चार खड्डे काढले. चोवीस, सव्वीस, तेवीस, सत्तावीस. प्रत्येक खड्ड्याला तासभर. सर दोन खड्ड्यांपर्यंत शिट्टीसकट हजर होते, मग त्यांना गार वाजायला लागलं आणि ते चहाला तंबूकडं गेले.

पाचवा खड्डा मी एकट्यानं काढला. वरच्या धारेखाली उतार जरा आत गेला होता, पोट आत घेतल्यासारखा. वाऱ्यानं आणलेला बर्फ सगळा तिथं साठला होता. वरून कडक, गुळगुळीत, चालायला एकदम छान. धारेवरून उतरून, त्या जागेच्या अगदी वरच्या काठाला मी खड्डा काढला. खांबाच्या दोन्ही बाजू कापल्या, मागची बाजू कापायला करवत घातली आणि निम्म्यावर आलो असेन, तेवढ्यात वरचा फूट-सव्वाफुटाचा अख्खा ठोकळा सरकला आणि माझ्या मांडीवर येऊन बसला.

एकही थापटी न मारता. फावडं अजून बाजूलाच पडलं होतं.

जिथनं तो सरकला तिथं बोटभर जाडीचा एक थर होता. मी हात लावला तर जाड रव्यासारखे दाणे घरंगळून खाली पडले. मुठीत दाबले, चिकटले नाहीत. मनालीच्या वर्गात या दाण्यांवर अख्खी एक सकाळ घालवली होती. तिथले शिक्षक म्हणाले होते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मी तो ठोकळा मांडीवर घेऊन बसलो. खरं सांगतो, उठून सरळ खाली पळावंसं वाटलं. पण पळावंसं वाटण्याला आकडा नसतो. मी वहीत पाच नंबरपुढं शून्य लिहिलं. मग सरासरी काढायला घेतली. शून्य धरलं तर ती वीसवर येत होती, आणि शून्य हा काय आकडा झाला? मी आजूबाजूला बघितलं. वर धार, कडेला खडक, जमीन आत गेलेली. मला एकदम हायसं वाटलं. अरे, हा तर बांधाच्या कडेचा नमुना. हा धरायचाच नसतो.

मी त्या ओळीवर प्रयोगशाळेत मारतो तशी एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: अयोग्य जागा, नमुना रद्द. चारांची सरासरी पंचवीस. शेरा: बरा.

शेताचा एक कोपरा नापीक निघाला तर चार पेंढ्या कमी येतात, बाकीचं शेत पिकतं. बर्फात तो कोपरा तुटला की सगळं शेत खाली येतं. आणि आमची वाट त्याच कोपऱ्यातनं जात होती. हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. अंगरूप काठी खुपसून तेच सांगत होता. पण त्याचं खरं मानायचं, तर चौदा वर्षं मी ज्यांना हसलो ते सगळे बरोबर निघायची भीती होती. त्यापेक्षा पाचवा खड्डा खोटा पाडणं सोपं होतं.

तंबूपाशी आलो तर सर पाठीवर सॅक घेऊन तयार. चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या पोराचा आनंद.

"काय म्हणतोय बर्फ?"

"सरासरी पंचवीस. जायला हरकत नाही."

"सगळे खड्डे धरून?"

"धरण्यासारखे सगळे धरले."

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी वही मागितली असती तर मी दिली असती. त्यांनी मागितली नाही, आणि मीही हातात असून पुढं केली नाही.

अंगरूपनं चहाचा कप बर्फानं पुसून सॅकमध्ये ठेवला. वाद घातला नाही. उताराच्या काठावर आम्ही पोचलो तेव्हा तो थांबला आणि माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "जिसने ठीक बोला, वो पहले जाए. हमारे गाँव में ऐसा ही है. वो उस पार पहुँचेगा, फिर हम."

"काय म्हणतोय तो कळलं का?" सरांनी मला विचारलं. "जो बरा म्हणतो त्यानं पुढं व्हायचं. चांगली पद्धत आहे."

मला कळलं होतं. मी उताराकडं बघितलं. दीडशे पावलांचा होता तो सगळा. एकदम गुळगुळीत, उन्हात चकाकणारा, वरच्या काठाचा माझा खड्डा सोडला तर एक पाऊलसुद्धा न उमटलेला. आणि त्याच्या बरोबर मध्यावर ती आत गेलेली जागा. हे मी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. मी भ्यालो होतो, आणि उगीच भ्यालो नव्हतो. माझ्या मांडीवर तो ठोकळा येऊन बसलेला होता.

मी खाली बसलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. ती सुटलेली नव्हती.

सरांनी माझ्याकडं बघितलं, क्षणभरच. मग म्हणाले, "बस, बस. सावकाश बांध. पुढं मी जातो. मंडळाचा नियमच आहे तो."

असा नियम नव्हता. नियम बरोबर उलटा होता. वीस वर्षं सर कायम सगळ्यात मागं चालायचे, कोणी राहून जाऊ नये म्हणून.

"सर, थांबा," मी म्हणालो.

ते दोन पावलं जाऊन वळले. "काय?"

तोंडाशी आलं होतं. पाचवा खड्डा, सर. एवढं तीन शब्दांचं काम होतं. मागं अंगरूप उभा होता आणि तो माझ्याकडंच बघत होता.

"कानटोपी नीट घाला," मी म्हणालो. "वारं आहे."

सरांनी आज्ञाधारकपणे कानटोपी खाली ओढली आणि ते निघाले.

चांगले चालले होते ते. काठी रोवायची, पाऊल टाकायचं, काठी रोवायची. मी मनात मोजत होतो. साठ पावलं झाली, काही नाही. मला वाटलं, जमतंय. पासष्ट. मला खरोखर थोडा रागही आला, की उगीच एवढा भ्यालो. सत्तराव्या पावलाला उताराच्या पोटातनं दबका, भरलेलं पोतं वरून टाकल्यासारखा आवाज आला. सरांच्या पायापासनं वर धारेपर्यंत एक भेग पळत गेली. मग तो सगळा गुळगुळीत पांढरा भाग फरशा उखडाव्यात तसा तुकडे तुकडे होऊन एकदम खाली निघाला. सरांनी हात वर केले. एकदा दिसले, परत दिसले, मग नुसता धुरळा.

सगळं मिळून दहा सेकंदं लागली असतील. नंतर इतकं शांत झालं, की माझ्या हातातली नाडी मला तेव्हा दिसली.

अंगरूप केव्हाच पळत सुटला होता. त्यानं शेवटपर्यंत सरांवरची नजर काढली नव्हती. "उस पत्थर के नीचे," तो ओरडला. "आख़िरी बार वहीं था. फावड़ा लाओ." आम्ही ढिगाऱ्यावर काठ्या खुपसत फिरलो. मी मोठ्यानं रडत होतो, हे मला अंगरूपनं "बाद में" म्हटल्यावर कळलं. मग त्याला बूट दिसला. बुटाच्या अंदाजानं डोकं कुठं असेल ते त्यानं दाखवलं आणि मी खणायला लागलो. खड्डे काढण्यात मी तरबेज. त्या दिवसातला हा सहावा.

सर सापडले तेव्हा ओठ निळे होते, तोंडात बर्फ होता. अंगरूपनं बोटानं तो काढला, छातीवर दाब दिला. दोनदा, तीनदा, चारदा. मग सर खोकले. मी इतका सुंदर आवाज त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"जिनू," ते म्हणाले, "माझे पाय कुठायत रे?"

पाय जागेवर होते. मी दोन्ही हातांनी ते धरूनच बसलो होतो.

अंगरूप गावात जाऊन आठ माणसं आणि एक शिडी घेऊन आला. शिडीवर बांधून सरांना खाली आणलं, मग जीपनं रामपूरच्या दवाखान्यात. कंबरेचा मणका मोडला होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब, पायांचं काही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी एक हवालदार जबाब घ्यायला आला. खुर्ची ओढून बसला, पॅड मांडीवर घेतलं.

"जाने का फ़ैसला किसका था?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खाटेवरनं सर बोलले, "मेरा. ये लड़का ना बोल रहा था. चार बार ना बोला. मैं सुना नहीं. मेरा स्वभावच हट्टी है."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. "सही है?"

मी मान हलवली. होकारार्थी म्हणता येणार नाही, नकारार्थीही म्हणता येणार नाही. हवालदारानं ती होकारार्थी धरली आणि लिहून घेतलं. दारात अंगरूप उभा होता. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "साहब ने जो बोला, वही लिखो."

हवालदार गेल्यावर मी सरांना विचारलं, "असं का सांगितलंत?"

"मग काय सांगायचं? तुझी नोकरी सरकारी. उद्या कोणी म्हणेल, माती तपासणाऱ्यानं म्हाताऱ्याला डोंगरात घालवला. आणि पुढच्या वर्षी मंडळ परत बर्फात जाणार. त्यांना सांगणारा दुसरा आहे कोण? लोकांनी तुझं ऐकायला पाहिजे. माझं आता ऐकून काय करणार?"

"सर, तुम्हाला कळलं होतं का? मी नाडी बांधत होतो तेव्हा?"

"तू घाबरलास एवढं कळलं."

"मग गेलात कशाला?"

"पोरं घाबरतातच रे. मल्लखांबाला घाबरतात, दोरीला घाबरतात. आपण पुढं झालं की मागनं येतात. एकतीस वर्षं तेच केलंय मी." मग म्हणाले, "तुला काही माहीत असेल, असं मनातच आलं नाही. माहीत असतं तर तू बोलला असतास."

मी बाहेर व्हरांड्यात आलो. अंगरूप भिंतीला टेकून उभा होता. माझा राहिलेला तंबू तो वरनं गोळा करून घेऊन आला होता, नीट घडी घालून.

"पाँचवाँ गड्ढा देखा मैंने, ऊपर आधा बचा है," तो म्हणाला. "मैं किसी को नहीं बोलूँगा. पर आप हमारे गाँव मत आना फिर."

मी परत गेलो नाही. अंगरूपचं म्हणणं मी एवढं तंतोतंत ऐकलं ते पहिल्यांदाच.

सांगलीत आमच्या आधी बातमी पोचली होती. तज्ज्ञाचा इशारा धुडकावला, असा मथळा होता. तज्ज्ञ म्हणजे मी. मंडळानं माझा सत्कार ठेवला. मी नको नको म्हणालो, त्यामुळं तो मोठा ठेवला. मग शाळा, कॉलेजं, दुसरी मंडळं. मी पडद्यावर चित्रं दाखवून बर्फाचे थर समजावून सांगायचो आणि शेवटी कोणीतरी विचारायचंच, सरांनी तुमचं ऐकलं का नाही? मी जरा थांबायचो, खाली बघायचो आणि म्हणायचो, "मोठी माणसं असतात. स्वभाव असतो एकेकाचा." हे मला फार छान जमायचं.

सर म्हणाले ते मात्र खरं झालं. त्यानंतर पाच मोहिमांना मी मध्यातनं परत फिरवलं आणि एकदाही कोणी का म्हणून विचारलं नाही. मी नको म्हटलं की माणसं मुकाट सॅक उचलायची. त्यातली काही त्यामुळंच आज जिवंत असतील. मला याचा आनंद व्हायला पाहिजे, आणि होतो, हीच पंचाईत आहे.

सर बारा वर्षं खाटेवर होते. दर दिवाळीला मी फराळाला जायचो. काकू माझ्या ताटात दोन चकल्या जास्त वाढायच्या आणि खाटेकडं बघून म्हणायच्या, "ह्या पोरानं चार वेळा सांगितलं होतं. चार वेळा. पण ऐकतील ते मगदूम कसले." सर खिडकीबाहेर बघायचे. मी चकली खायचो. कधी कधी तर मी सरांची बाजू घ्यायचो. म्हणायचो, जाऊ द्या काकू, झालं ते झालं. मग काकूंचे डोळे भरून यायचे, की किती मोठ्या मनाचा आहे हा.

सर गेले. शोकसभेत सगळे एकाच सुरात बोलले: माणूस सोन्यासारखा, फक्त हट्टी. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर हट्टी नव्हते. ‘नको’ असं त्या दिवशी मी म्हणालोच नव्हतो." मग पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, अजून सरांना झाकतोय." शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, नाहीतर त्या मिळाल्या असत्या.

म्हणून महिन्याभरानं मी सरांच्या घरी गेलो. काकू एकट्याच होत्या, मेथी निवडत बसल्या होत्या. मी जमिनीवर त्यांच्यासमोर बसलो.

"काकू, सभेत बोललो ते खरं होतं."

"उगीच मोठेपणा घेऊ नकोस जिनू. मला माहीत नाहीत होय ते?"

मग मी सगळं सांगितलं. ठोकळा मांडीवर आला ते, रेघ मारली ते, बांधाच्या कडेचा नमुना, नाडी, कानटोपी. काही गाळलं नाही, कशाला फोडणी दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी जसाच्या तसा रिपोर्ट दिला. काकूंचे हात चालत होते. पानं एकीकडं, देठं एकीकडं. कानटोपीपाशी हात थांबले.

मी वाट बघत होतो. त्या ओरडतील, हाकलून देतील, चांगली मुस्काटात देतील. मला ते चाललं असतं. खरं म्हणजे मी त्यासाठीच गेलो होतो.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?" त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या असं वाटलं नाही. "बारा वर्षं. एकदा तरी सांगायचं की नाही? रोज बोलायचे रे मी त्यांना. पाय चोळताना बोलायचे. भरवताना बोलायचे. आल्या-गेल्यासमोर बोलायचे. असं केलंत, ऐकलं नाहीत, माझी माती केलीत. रोज."

"मग सर काय म्हणायचे?"

काकूंनी मांडीवरची मेथी खाली ठेवली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "उशी जरा वर घे, म्हणायचे."